ब्लोअर फिरत नाही, काय करू?

गाडीचा ब्लोअर बंद पडला तो एका सोमवारी, आणि गुंड्या जहाजावरून उतरायला तेव्हा बारा दिवस उरले होते.

गुंड्या हे काही त्याचं कागदावरचं नाव नव्हे. तीन वर्षांचा असताना त्याने आईच्या डब्यातल्या सात गुंड्या गिळल्या होत्या, आणि पुढचे दोन दिवस त्या माउलीला सातच्या सात परत मिळेपर्यंत चैन पडलं नव्हतं. तेव्हापासून तेच नाव तिच्या तोंडी बसलं. लग्नानंतर बायकोनेही ते उचललं. आता तो चौतीस वर्षांचा होता, मालवाहू जहाजावर इलेक्ट्रिशियन होता आणि नऊ महिने घरी आला नव्हता. घरात दोघीच. सासू आणि सून.

सासूबाईंनी कपडे शिवायच्या कारखान्यात एकतीस वर्षं मशिनी दुरुस्त केल्या होत्या. चारशे मशिनींच्या त्या दालनात नुसत्या चालत गेल्या तरी कुठली रडतेय ते त्यांना कानाने कळायचं. सगळे त्यांना मेकॅनिकबाई म्हणायचे, आणि निवृत्तीला चार वर्षं झाली तरी पेन्शनच्या रांगेत कुणी तशी हाक मारली की त्यांची मान अजून ताठ व्हायची. सून चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासायची. फ्रेमच्या मापात काच अलगद बसेपर्यंत तिची कड घासत राहायची. जरा जास्त घासली की काच सैल, जरा कमी की फ्रेम तडकणार. दोघींचं बरं चाललं होतं. भांडण व्हायचं, पण भांड्याला भांडं लागावं इतपतच.

गाडी गुंड्याची. सीट अजून त्याच्याच उंचीची मागे सरकवलेली होती. सुनेचे पाय पॅडलपर्यंत धड पोचत नसत, म्हणून ती पाठीशी दोन उशा घेऊन चालवायची. पण सीट पुढे ओढायची नाही. सासूबाई हे रोज बघायच्या आणि न बघितल्यासारखं करायच्या.

तर त्या सोमवारी सकाळी सुनेने हीटरचं बटण फिरवलं आणि काहीच झालं नाही. एकवर नाही, दोनवर नाही, चारवरही नाही. इंजिन गरम, पाणी गरम, पण ती ऊब आत ढकलायला पंखाच नाही. समोरची काच मिनिटभरात धुरकटली. दुकानापर्यंत ती एका हाताने स्टिअरिंग आणि दुसऱ्या हाताने फडकं धरून गेली.

दुकान जवळ होतं, ते ठीक. पण गुंड्याला आणायला जायचं ते बंदर पाच तासांवर होतं, आणि मध्ये ती खिंड. हिवाळ्यात खिंडीतलं धुकं दुपारीही हलत नाही. तिथे काच पुसत गाडी चालवायची म्हणजे डोळ्यांवर पट्टी बांधून जिना उतरण्यासारखंच.

कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला सगळे उद्याशेठ म्हणायचे. का म्हणायचे ते त्याच्याकडे एकदा गेलं की कळायचं. त्याने बटण फिरवलं, कान लावला आणि निकाल दिला.

“मोटर गेली, ताई. अख्खी बदलावी लागेल. या गाडीची आता सहजी मिळत नाही, मागवावी लागेल.”

“कधीपर्यंत येईल?”

“उद्या सांगतो.”

घरी येऊन तिने नवऱ्याला लिहिलं: “ब्लोअर फिरत नाही, काय करू?”

जहाजावर इंटरनेट मोजूनमापून मिळायचं. फोन लागायचा नाही, फोटो गेला तर गेला. संदेश जायचे आणि त्यांचं उत्तर कधी त्याच दिवशी, कधी दोन दिवसांनी. पहिल्या महिन्यांत दोघं कायकाय लिहायची! मग विषय आटत गेले. हल्ली त्यांचं बोलणं म्हणजे, “जेवलीस?” “हो. तू?” “हो. आई?” “बऱ्या आहेत.” हजेरीपटावर सही केल्यासारखं. प्रेम आटलं होतं असं नाही. त्याला समुद्र सोडून सांगायला काही नव्हतं, आणि हिला आठवण येते हे सोडून; आणि ते रोज रोज लिहिलं की त्याला तिथे झोप लागत नाही, हे तिला कळून चुकलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुकानात काच घासताना खिशातला फोन थरथरला. चौदा ओळींचा संदेश होता.

“घाबरू नकोस. आधी फ्यूज बघ. स्टिअरिंगच्या खाली डावीकडे काळी पेटी आहे, झाकण नखाने निघतं. झाकणाच्या आत मी लिहून ठेवलंय कुठला कशाचा ते. पंख्याचा पिवळा आहे. काढून उजेडात धर. आतली तार तुटलेली असेल तर जळला. बटण बंद करून मग काढ. खाली वाकताना डोकं जपून, तिथे एक पत्र्याची कड आहे, मला दोनदा लागलीय…”

चौदा ओळी. तिने त्या तीनदा वाचल्या. हातातली काच त्या दिवशी वाया गेली.

संध्याकाळी उजेड असतानाच ती गाडीत आडवी झाली, डोकं पॅडलपाशी, पाय दाराबाहेर. झाकण निघालं. आत त्याचं बारीक, तिरकं अक्षर होतं. हॉर्न. वायपर. मागचा दिवा. पंखा. एकोणीस शब्द होते. तिला बघायचा होता एकच, पण तिने एकोणीसच्या एकोणीस वाचले, सावकाश, पत्र वाचावं तसे. मग पिवळा फ्यूज काढून उजेडात धरला. तार शाबूत होती.

“फ्यूज चांगला आहे,” तिने लिहिलं. “आता?”

दोन दिवस उत्तर नाही. गुरुवारी सासूबाईंना गुडघ्याच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. काच धुरकटली, सून फडकं मारतेय, मागचा ट्रकवाला हॉर्न मारतोय, आणि सासूबाई हातपाय गारठून बसलेल्या. शेवटी त्यांचं डोकं फिरलं. “मेल्या, तुझ्या बापाचं काय जातंय फिरायला!” असं म्हणत त्यांनी समोरच्या कप्प्याच्या खाली बुटाची एक सणसणीत लाथ हाणली.

घर्रर्र करून ब्लोअर सुरू झाला.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. गरम वारा अंगावर आला. धूळ, जुनी पानं आणि कसलासा ओळखीचा वास घेऊन. काच कोपऱ्यापासून निवळायला लागली. पुढच्या चौकात गाडी थांबली तसा तो पुन्हा बंद पडला. सासूबाईंनी पुन्हा लाथ मारली. पुन्हा सुरू.

“अगं बाई,” त्या हळूच म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर चार वर्षांत न दिसलेलं तेज आलं. “मोटर कसली गेलीय! कार्बन झिजलेत हिचे.”

मग त्यांनी डॉक्टरच्या दारापर्यंत सगळं समजावून सांगितलं. मोटरमध्ये कार्बनचे दोन छोटे तुकडे असतात, मागून स्प्रिंग दाबते, फिरणाऱ्या भागाला टेकून ते त्याला वीज देतात. झिजून आखूड झाले की टेकत नाहीत. धक्का दिला की क्षणभर टेकतात. “माझ्या मशिनींचं निम्मं दुखणं हेच. लाथेने चालणारी मोटर मेलेली नसते, पोरी. तिला कुणीतरी टेकायला हवं असतं, एवढंच.”

घरात कारखान्याच्या जुन्या कार्बनचा एक पत्र्याचा डबा होता. आकार जरा मोठे होते, पण घासून मापात आणता आले असते, आणि घासण्यात सुनेचा हात कोण धरणार? रविवारी मोटर उतरवायची असं ठरलं. काम मिटल्यातच जमा होतं.

रात्रीचं आवरून सून फोन घेऊन बसली. “सापडलं!” असं लिहिलं. पाठवणार तोच त्याचा संदेश आला, दोन दिवस अडकून पडलेला. बावीस ओळी. रिले म्हणजे काय, तो कुठे असतो, हॉर्नचा रिले काढून पंख्याच्या जागी लावून कसं बघायचं. खाली एका कागदावर पेन्सिलीने काढलेल्या आकृतीचा फोटो. कागदाच्या कडेला त्याचा अंगठा आला होता. नखाखाली काळं, आणि बोटावर एक नवीन, भरत आलेली जखम, जिच्याबद्दल त्याने काहीच कळवलं नव्हतं.

तो अंगठा तिने मोठा करून बराच वेळ पाहिला. मग “सापडलं” पुसून टाकलं आणि लिहिलं, “उद्या रिले बदलून बघते. रिले काढताना जोर लावायचा का?”

एकदा खोटं बोललं की पुढचं सोपं जातं. तिने रिले बदलला. हॉर्न गप्प झाला, पंखा होता तसाच. तिने तसं कळवलं. त्याने टेस्ट लॅम्प कसा बनवायचा ते लिहिलं: जुना बल्ब, दोन वायरी. तिने तो बनवला. मोटरच्या प्लगमध्ये टोकं टेकवली, बल्ब लख्ख पेटला. म्हणजे वीज मोटरपर्यंत येतेय. हे तिला गुरुवारीच माहीत होतं, तरी बल्ब पेटला तेव्हा ती एवढी हरखली की जणू तो दूरवरून त्यानेच लावला होता. तो आता दिवसाला दोन-दोनदा लिहीत होता. पंख्याच्या बोलण्यात मध्येच काहीतरी निसटून यायचं. “इथे इंजिनरूममध्ये बेचाळीस डिग्री आहे आणि तू तिकडे गारठतेयस.” कधी, “तुझे हात लहान आहेत ते बरं, माझा तिथे कधीच गेला नसता.”

रविवारी तिने मोटर उतरवली नाही. म्हणाली, अंग दुखतंय. सोमवारी म्हणाली, दुकानात काम फार. मंगळवारी दुपारी सासूबाई खाली आल्या तर सून गाडीत आडवी, हातात बल्ब.

“काय चाललंय?”

“रेझिस्टर बघतेय. वेग कमीजास्त करायचा भाग असतो ना, तो.”

“रेझिस्टर?” सासूबाईंनी कमरेवर हात ठेवले. “चारही वेगांवर बंद आहे ना? लाथ मारली की चालतो ना? मग त्या रेझिस्टरचा काय संबंध? मी काय गुरुवारी भिंतीशी बोलत होते?”

सून उठून बसली. केसांत धूळ, गालावर काळं. सासूबाईंनी तिच्याकडे बघितलं, सीटवर उघड्या पडलेल्या फोनकडे बघितलं, त्यावरच्या लांबच लांब संदेशाकडे बघितलं. एकतीस वर्षं ज्या बाईने मशिनीचा आवाज ऐकून दुखणं ओळखलं तिला एवढं समजायला कितीसा वेळ लागणार?

“त्याला सांगितलं नाहीस,” त्या म्हणाल्या.

“सांगणार होते.”

“कधी?”

“उद्या.”

“झालं! घरात अजून एक उद्याशेठ.” त्या ओरडतील असं सुनेला वाटलं. पण त्या पलीकडचं दार उघडून गुडघा सांभाळत आत बसल्या. दार लावून घेतलं.

“मला तो काय लिहितो माहितीय?” मग त्या म्हणाल्या. “‘आई, गोळ्या घे.’ बास. गोळ्या संपल्या की तेवढंही यायचं बंद होईल, म्हणून मी गुडघा बरा झाला असं कधी म्हणतच नाही.”

सुनेला हसू आलं आणि लगेच गिळावं लागलं.

“माझाही एक प्रश्न घाल त्यात,” सासूबाई पदराशी चाळा करत म्हणाल्या. “विचार, आई विचारतेय, कार्बनची गोलाई कुठल्या बाजूला ठेवायची म्हणून.”

“तुम्हाला माहीत नाही?”

“मला माहीत आहे. त्याला कुठे माहीत आहे की मला माहीत आहे!”

तेवढा प्रश्न गेला. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, आईच्या नावाने, अठरा ओळींचं. सासूबाईंनी चष्मा लावून ते स्वतः वाचलं, मोठ्याने, “बरोबर… बरोबर… हं, हेही बरोबर,” असं म्हणत, शाळेतल्या पोराची वही तपासावी तसं. मग म्हणाल्या, “आता पुरे. मोटर काढ. त्याला घरी आणायचंय का नुसतंच लिहीत बसायचंय?”

गुरुवारी दोघींनी मोटर उतरवली. तीन स्क्रू. तिसरा अशा अडचणीत होता की सुनेने तो चष्म्याच्या बारीक स्क्रूड्रायव्हरने, नुसत्या बोटाच्या अंदाजाने काढला. पंख्याच्या पिंजऱ्यातून मूठभर वाळकी पानं निघाली. कार्बन खरंच नखाएवढे उरले होते. सुनेने नवे तुकडे बारीक पॉलिशपेपरवर घासायला घेतले. चार फेऱ्या, माप. दोन फेऱ्या, माप. सासूबाई शेजारी बसून “अजून केसभर” म्हणत होत्या. खाचेत तुकडा सरकला तेव्हा अडकला नाही की हलला नाही. सासूबाईंनी तारा डाग देऊन जोडल्या. बटण फिरवलं. ब्लोअर एकवर फिरला, दोनवर फिरला, चारवर तर असा सुटला की डॅशबोर्डवरची पावती उडाली. कुठेतरी बारीकशी शीळ येत होती.

“नवे कार्बन आहेत,” सासूबाई म्हणाल्या. “घासून बसायला चार दिवस लागतात.”

सुनेने लिहिलं, “झालं. फिरतोय.”

त्याचं उत्तर आलं ते गाडीबद्दल नव्हतं. त्याच्या जागी येणारा माणूस आलाच नव्हता. जहाज बंदरात शनिवारी माल उतरवून संध्याकाळी निघणार, आणि हा त्याच्यासोबतच. अजून तीन महिने. “गेटच्या आतल्या खोलीत अकरा ते पावणेबारा भेटता येईल. एवढ्यासाठी पाच तास येऊ नका. धुकं असेल.”

सासूबाईंनी ते वाचलं आणि फोन परत दिला. “पहाटे निघू,” एवढंच म्हणाल्या.

खिंडीत धुकं होतंच. पुढच्या ट्रकचा लाल दिवा दिसायचा आणि विझायचा. पण काच आरशासारखी लख्ख राहिली. पावणेअकराला त्या गेटपाशी पोचल्या. तिथल्या पहारेकऱ्याने कागद पाहून एक पास पुढे केला.

“दोघी आहोत,” सून म्हणाली.

“पास एकच असतो, बाई. एक जाऊन आली की दुसरीला देता येईल. वेळ मात्र तीच.”

“आई, तुम्ही आधी जा.”

सासूबाईंनी आढेवेढे घेतले नाहीत. जेवणाचा डबा घेतला, पास गळ्यात अडकवला आणि गुडघा विसरून चालू लागल्या. सून गाडीत बसली. तिला वाटलं, आई अर्धा वेळ घेतील, कदाचित जास्त. आईच ती. तिने मनाशी वीस मिनिटं धरली. त्यातून उरलेली पंचवीस. त्यात काय काय सांगायचं याची तिने यादी केली, मग यादीतलं एकेक खोडलं, कारण एकही गोष्ट पंचवीस मिनिटांत मावणारी नव्हती.

अकरा वाजून नऊ मिनिटांनी सासूबाई परत आल्या.

“एवढ्यात?”

“बघायचं होतं, बघून झालं.” त्यांनी पास काढून तिच्या गळ्यात घातला, घाईघाईने, आणि मान वळवली. “जा. पळ.”

खोलीत लाकडी बाकं होती आणि सहा-सात कुटुंबं कुजबुजत बसली होती. तो उभा होता. बारीक झाला होता, केस अगदी कापलेले, आणि कान कधी नव्हे एवढे मोठे दिसत होते. शेजारी कोण कोण बसलंय हे दोघांनाही ठाऊक होतं, त्यामुळे त्याने फक्त तिचे हात हातात घेतले आणि बोटं उलटीपालटी करून बघितली. टोकांवर कार्बनची काळी पूड अजून मुरलेली होती.

“कितीचा पॉलिशपेपर वापरलास?” त्याने विचारलं.

तिला रडू यायच्या बेतात होतं, ते जागीच थांबलं. “चारशेचा. मग आठशेचा.”

“स्प्रिंग?”

“जुनीच. जरा ताणून घेतली. आईंनी सांगितलं.”

“शीळ येते?”

“येते बारीक.”

“जाईल.” तो हसला. “मला माहीत होतं हं.”

“काय?”

“तू रेझिस्टर विचारलंस तेव्हाच. चारही वेगांवर बंद म्हणालीस, मग रेझिस्टर कशाला? आणि आईला कार्बनची गोलाई कळत नाही? मी सहा वर्षांचा असताना तिनेच मला शिकवलंय ते.”

“मग एवढं सगळं का लिहीत बसलास?”

तिचा अंगठा त्याने नुसता दाबून धरला. मग पुन्हा मोटरबद्दलच बोलू लागला, आणि तीही बोलू लागली. प्लग कुठल्या बाजूने निघतो, तिसऱ्या स्क्रूला तिने हात कसा घातला. बाजूला बसलेल्या बाईला वाटलं असेल की ही दोघं गॅरेजची भागीदार आहेत. पावणेबाराला घंटा झाली. तो दारातून वळून म्हणाला, “आईला सांग, डबा संपवला. तिच्यासमोरच संपवला, तरी सांग.”

परतीच्या वाटेवर खिंड चढताना सासूबाईंनी विचारलं, “काय म्हणाला?”

“पॉलिशपेपर कितीचा विचारत होता.”

“मला डाग कुठल्या तारेने दिला ते विचारलं,” सासूबाई म्हणाल्या. “जेवत होता, मी बघत होते. अजून बसले असते तर धरूनच ठेवला असता. म्हणून उठले.” त्यांनी डोळे पुसले, अगदी उघड, आणि मग मान मागे टेकून डोळे मिटले.

ब्लोअर दोनवर संथ फिरत होता. आत ऊब होती, बाहेर पांढरं काहीच-नाही. समोरची काच स्वच्छ होती. सुनेच्या मनात आलं, घरी पोचल्याच्या निरोपाची तो जहाजावर वाट बघत असेल, आणि त्याला लिहायला आता काय आहे? पोचलो. जेवलो. आई बऱ्या आहेत. तिने ब्लोअर मिनिटभर बंद केला आणि गाडीचा आवाज कान देऊन ऐकला. इंजिन ठीक. ब्रेक ठीक. सगळं आपलं मेलं ठीक. तिने पंखा पुन्हा लावला.

“मागच्या डाव्या चाकातून आवाज येतोय,” सासूबाई डोळे न उघडता म्हणाल्या.

“मला नाही ऐकू आला.”

“तुला कसा येईल? बारीक आहे. कुर्र कुर्र असा.” त्यांनी शाल गळ्यापर्यंत ओढून घेतली. “घरी गेल्यावर लिही त्याला. विचार, काय असेल म्हणून.”